घरून काम करताना वॉकिंग पॅड: मोजमाप, करंट, तेल आणि ओल

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात घरी बसून पुण्याच्या नाहीतर बेंगळूरच्या कंपनीचं काम करणाऱ्यांची सकाळची फेरी जून लागला की बंद पडते. व्हॅक्सिन डेपोची झाडी असो की किल्ला तलावाचा काठ, एकदा झड लागली की छत्री घेऊन रोज कोण जाणार? पुढे गणपतीपर्यंत खुर्ची सुटत नाही. वॉकिंग पॅडचा, म्हणजे उंच टेबलाखाली ठेवून काम करता करता चालायच्या, दांडी नसलेल्या बुटक्या ट्रेडमिलचा खरा उपयोग याच तीन-चार महिन्यांत आहे. अडचण अशी की याच महिन्यांत करंट सारखा जातो, फरशीला ओल येते आणि घरभर कपडे वाळत टांगलेले असतात. म्हणून कुठला पॅड घ्यायचा यापेक्षा तो कुठे, कसा आणि कशावर बसवायचा याचा विचार आधी करायला हवा. पलंगाखाली धूळ खात पडलेले बहुतेक पॅड मशीन वाईट म्हणून तिथे गेलेले नसतात. टेबल जुळलं नाही, हे त्याचं नेहमीचं कारण.

एक गोष्ट सुरुवातीलाच. काम करता करता ताशी दोन-अडीच किलोमीटरनं चालणं हा हलका व्यायाम आहे. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्या हिशेबात हे संथ चालणं बसत नाही. श्वास थोडा वाढेल, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, असा वेग म्हणजे मध्यम व्यायाम. त्या वेगानं चालताना मेल लिहिता येत नाही. पॅडचं काम सलग तीन-तीन तास बसण्यात खंड पाडणं, जेवणानंतर साखर एकदम चढू न देणं आणि कंबर-मांड्या आखडू न देणं, एवढं आहे. तेवढं त्याच्याकडून नीट करून घ्या. पोट कमी करायचं असेल तर त्यासाठी कामाबाहेरचा वेळ वेगळा काढावा लागतो.

घेण्याआधी

जाहिरातीत अश्वशक्तीचा आकडा मोठ्या अक्षरात असतो. तो बहुधा क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो. सलग चालण्याची, म्हणजे ‘कंटिन्युअस’ अश्वशक्ती किती, हे माहितीपत्रकात शोधा आणि ती दिलीच नसेल तर विक्रेत्याला विचारा. वजनाची मर्यादा तुमच्या वजनापेक्षा निदान २० किलो जास्त हवी. ८५ किलोच्या माणसानं १०० किलोची मर्यादा असलेला पॅड घेतला तर तो चालतो, पण संथ वेगात धापा टाकतो. कारण वेग कमी असताना छोट्या मोटरचा जोर कमी पडतो आणि दर टाचेला पट्टा क्षणभर अडखळतो.

पट्ट्याची रुंदी ४० सेंटिमीटरच्या खाली नको, ४२ ते ४५ असेल तर उत्तम. नजर पडद्यावर असते तेव्हा पाय नकळत बाजूला सरकतात आणि अरुंद पट्ट्यावर बोटं कडेच्या प्लास्टिकवर पडतात. लांबी १०० सेंटिमीटर असली तरी संथ चालीला पुरते, पण उंची साडेपाच फुटांच्या वर असेल तर ११० बघा. पळायला चालेल असा दांडीवाला, ताशी १० किलोमीटरचा मॉडेल कामासाठी घेण्यात अर्थ नाही. दांडी टेबलाला आड येते.

गावाचा पिन कोड टाकून दोन गोष्टी तपासा. पहिली, पार्सल घरापर्यंत येतं की तालुक्याच्या गावातून आणावं लागतं. खोका २५-३० किलोचा असतो, दुचाकीवर येत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, ती म्हणजे दुरुस्तीला माणूस घरी येणार का, आणि कुठून. बेळगावला ‘सर्व्हिस उपलब्ध’ असं लिहिलेलं असतं, पण प्रत्यक्षात माणूस हुबळी किंवा कोल्हापूरहून यायचा असतो आणि खानापूरच्या पलीकडल्या गावांना तो येतोच असं नाही. खरेदीआधी कंपनीच्या नंबरवर फोन करून गावाचं नाव सांगून विचारा, आणि उत्तर मेलवर मागून घ्या.

खोका दोघांनी मिळून उघडा, उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. पट्ट्याखाली किंवा रोलरपाशी फोमचे तुकडे आणि प्लास्टिकचे बंद अडकवलेले असतात. ते न काढता मशीन चालू केलं तर पहिल्याच मिनिटाला मोटरवर ताण येतो. नव्या रबराचा वास दोन-तीन दिवस राहतो. खिडकी उघडी ठेवली की जातो.

जमीन आणि जागा

पॅड चारी पायांवर टेकला पाहिजे. जुन्या घरातली शहाबादी फरशी सांध्यांपाशी वर-खाली असते, लाल कोबा मध्ये खोलगट असतो. पॅड ठेवून चारही कोपरे हातानं दाबून बघा. एखादा कोपरा डुगडुगत असेल तर त्याखाली रबराचा तुकडा द्या. पुठ्ठा देऊ नका, तो पावसात दबतो. असमान टेकलेल्या पॅडचा पट्टा हमखास एका बाजूला सरकत राहतो आणि मग माणूस बोल्ट पिळत बसतो. दोष मात्र जमिनीचा असतो.

खाली ६ ते १० मिलिमीटर जाडीची रबरी किंवा फोमची चटई घाला. सतरंजी नको, गालिचाही नको. त्यांचे धागे आणि धूळ मोटरच्या खालच्या झरोक्यात ओढली जाते. चटईचा दुसरा फायदा आवाजाचा. मोटरची घरघर फारशी त्रास देत नाही, धपधप पावलांची होते आणि ती खालच्या मजल्यावर जास्त ऐकू जाते. अमेरिकेच्या वेळेनुसार रात्री काम करणाऱ्यांनी खाली भाडेकरू असतील तर पॅड खोलीच्या मध्यावर न ठेवता भिंतीजवळ किंवा खालून तुळई जात असेल तिथे ठेवावा. स्लॅब मध्यावर जास्त थरथरतो.

मागे निदान एक मीटर मोकळी जागा सोडा, जमली तर दोन. मागे भिंत किंवा कपाट असेल आणि पाय चुकला तर पट्टा माणसाला मागे नेऊन त्यावर दाबून धरतो. दोन्ही बाजूंना अर्धा मीटर हवा. कौलारू घरात माळ्याखाली पॅड ठेवणार असाल तर पॅडची १२ सेंटिमीटर उंची, बुटाचे दोन-अडीच आणि चालतानाची उसळ धरून डोक्यावर किमान २० सेंटिमीटर शिल्लक राहतात का ते मोजा. तुळईला डोकं आपटतं ते नेहमी उतरताना, कारण तेव्हा लक्ष पायाकडे असतं.

टेबल: सगळं इथे ठरतं

उभं राहा, खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात वाकवा. जमिनीपासून कोपरापर्यंत जी उंची येईल त्यात पॅडची उंची आणि बुटाचा तळ मिळवा. कीबोर्ड तेवढ्या उंचीवर, फार तर दोन सेंटिमीटर खाली हवा. साधारण हिशेब असा: १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचं कोपर १०१ च्या आसपास असतं. त्यात पॅडचे १२ आणि बुटाचे २.५ मिळवले की ११५ सेंटिमीटर. १७५ उंचीच्या माणसाला हाच आकडा १२४-१२५ येतो.

बाजारात मिळणारी बरीच स्वस्त, वर-खाली होणारी विजेची टेबलं ११७-११८ सेंटिमीटरवर थांबतात. म्हणजे उंच माणसानं पॅड आणि टेबल दोन्हीवर पैसे घालूनही त्याला वाकूनच टाइप करावं लागतं. टेबल मागवताना जास्तीत जास्त उंचीचा आकडा वाचा, आणि आकडा फळीसकट आहे की फळीविना तेही बघा.

विजेचं टेबल घेण्याची गरज मात्र नाही. घरात ७५ सेंटिमीटरचं भक्कम टेबल असेल तर सुताराकडून वर ठेवायचा घोडा करून घ्या. १९ मिलिमीटरचं, ओल सोसणारं बीडब्ल्यूआर दर्जाचं प्लायवूड सांगा. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, नको, आपल्याकडच्या पावसाळ्यात ती फुगते. १६० सेंटिमीटर उंचीसाठी माप असं: वरची फळी ७० × ३५ सेंटिमीटर, दोन्ही बाजूंच्या फळ्या ३८ उंच, मागून १० सेंटिमीटरची आडवी पट्टी. ही मागची पट्टी विसरू नका. तिच्याविना घोडा टाइप करताना डोलतो. फळीच्या मागच्या अर्ध्या भागावर लॅपटॉपसाठी आणखी २५ ते २७ सेंटिमीटर उंच छोटी पायरी. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणि अंतर हातभर, म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटर. लॅपटॉप पायरीवर गेला की त्याचा स्वतःचा कीबोर्ड हाताशी येत नाही, म्हणून वेगळा कीबोर्ड आणि माउस लागणारच. तिथे काटकसर केली तर मान वाकवून चालावं लागतं आणि आठवड्याभरात मानेचं दुखणं सुरू होतं. लोक मग पॅडला नावं ठेवतात.

घोडा सात-आठ किलोचा होतो, बसून काम करताना उचलून बाजूला ठेवता येतो. रोज दोन-तीनदा उचलायचा कंटाळा येईल असं वाटत असेल तर बसण्याचं आणि चालण्याचं टेबल वेगळं ठेवा. टेबल भिंतीला टेकवूनच ठेवा.

टेबलाच्या खालीही बघा. जुन्या कचेरीच्या टेबलांना पाय ठेवायला जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर आडवी दांडी असते. पॅडचं पुढचं मोटरचं झाकण तिच्याखाली जात नाही, किंवा गेलं तरी चालताना नडगी तिच्यावर आपटते. दांडी कापून घ्या किंवा दुसरं टेबल शोधा. दोन्ही पायांमध्ये आत ७५ सेंटिमीटर तरी मोकळी जागा लागते.

करंट

पॅडला तीन पिनांचा, अर्थिंग असलेला सॉकेट द्या. संथ चालताना पॅड माणसाच्या वजनाप्रमाणे साधारण १५० ते ३०० वॅट ओढतो, त्यामुळे ६ अँपिअरचा चांगला सॉकेट पुरतो. मात्र टीव्हीमागचा पातळ वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड चालणार नाही. टाच पडताना मोटर क्षणभर जास्त ओढते, पातळ वायर तापते आणि पॅडला व्होल्टेज कमी मिळतं. लांबवायचंच असेल तर १.५ चौरस मिलिमीटरची वायर घालून वायरमनकडून बोर्ड करून घ्या. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत चालता चालता लॅपटॉपला हात लावला की चटका बसतो. घर्षणानं साठलेली ती वीज असते, क्वचित तिनं पॅडचा डिस्प्लेही गडबडतो. पॅडचं अर्थिंग नीट असेल तर हा त्रास बराच कमी होतो, पण जुन्या घरात तिसऱ्या पिनेला अर्थ जोडलेलाच नसतो. वायरमनला टेस्टर लावून बघायला सांगा.

घरच्या यूपीएसवर पॅड लावू नका. घरोघरी असलेले बरेच यूपीएस चौकोनी लहरीची वीज देतात. पंखा त्यावर फक्त घरघरतो, पण पॅडचा कंट्रोल बोर्ड तापतो. शिवाय बॅटरी उतरते आणि राउटर बंद पडतो तो वेगळाच. राउटर आणि लॅपटॉप यूपीएसवर, पॅड सरळ मेन लाइनवर, ही वाटणी पक्की करा. एखाद्या खोलीतले सगळे सॉकेट यूपीएसवर असतात, तेही आधी तपासून घ्या.

करंट गेला की पट्टा जागच्या जागी थांबतो आणि शरीर पुढे जातं. दोन किलोमीटरच्या वेगात हा फक्त झटका असतो, चार किलोमीटरला छाती टेबलाच्या कडेवर आपटते. वेग कमी ठेवण्याचं आपल्या भागातलं हे आणखी एक कारण. करंट गेल्यावर पट्ट्यावर तसंच उभं राहू नका, खाली उतरा आणि मागचा स्विच बंद करा. करंट येताना व्होल्टेज वर-खाली होतं, तेव्हा दोन-तीन मिनिटं थांबून मगच चालू करा. एप्रिल-मेमध्ये वळवाचा गडगडाट सुरू झाला की प्लग भिंतीतून उपसून ठेवा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, विजेचा लोळ न्यूट्रलमधूनही येतो. कंट्रोल बोर्ड जळाला तर त्याची किंमत ऐकून नवाच पॅड घ्यावासा वाटतो.

बिलाचा हिशेब करून टाका. २५० वॅटनं दिवसाला दोन तास म्हणजे अर्धा युनिट. महिन्यात कामाचे २२ दिवस धरले तर ११ युनिट. सहा रुपयांच्या आसपास दर धरला तर ६५-७० रुपये. पण हेस्कॉमचं, म्हणजे इथल्या वीज कंपनीचं बिल कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेत शून्य येत असेल तर जरा लक्ष द्या. त्या योजनेत तुमच्या २०२२-२३ च्या सरासरी वापरावर १० टक्के (वापर कमी असलेल्यांना १० युनिट) वाढ धरून मोफत युनिट ठरतात. त्यापेक्षा जास्त, पण २०० च्या आत वापर झाला तर वरच्या युनिटांचे पैसे. २०० ओलांडले की त्या महिन्याचं सगळं बिल भरावं लागतं. ज्यांचा वापर १९० च्या घरात आहे त्यांना हे ११ युनिट चांगलेच महागात पडतील.

कोणतं काम चालताना, कोणतं थांबून

ऐकण्याची मीटिंग, मेल वाचणं, दुसऱ्याचा रिपोर्ट चाळणं: ताशी २ ते २.५ किलोमीटर. टाइप करायचं असेल तर १.५ ते २. एक्सेलमध्ये माउसनं बारीक काम, डिझाइन, बँकेचे व्यवहार, एकही चूक चालणार नाही असा मेल: पॅड बंद. माउस हलतो, चुकीच्या रकान्यात आकडा पडतो आणि मग अर्धा तास चूक शोधण्यात जातो. आपण बोलणार असलेल्या मीटिंगला कॅमेरा चालू असेल तर थांबा, वर-खाली होणारं डोकं समोरच्याला बघवत नाही. कॅमेरा बंद असेल तर चालत बोलता येतं, पण लॅपटॉपचा माइक टेबलातून येणारी थरथर पकडतो. तोंडाशी दांडी असलेला हेडसेट वापरा.

काही पॅडना आपोआप वेग बदलण्याची सोय असते. पुढे सरकलं की वेग वाढतो, मागे गेलं की कमी होतो. कामाच्या वेळी ही सोय बंद ठेवा. पडद्यावरचं बारीक वाचायला माणूस पुढे झुकतो आणि पट्टा अचानक पळायला लागतो.

रिमोट टेबलावर एका ठरलेल्या जागी, दोरीला बांधून ठेवा. हातातून निसटून पट्ट्यावर पडला तर मागे जाऊन रोलरखाली अडकतो.

सुरुवातीचे आठवडे

पहिले दोन दिवस काम बाजूला ठेवून नुसतं चाला. टेबलाला हात लावून ताशी १ किलोमीटर, मग १.५. पहिल्या आठवड्यात दिवसातून दोनदा १०-१५ मिनिटं, त्याहून जास्त नाही. पुढे दर आठवड्याला प्रत्येक खेपेत पाच मिनिटं वाढवत महिन्या-सव्वामहिन्यात अर्ध्या तासाच्या तीन खेपांवर या. एक खेप दुपारच्या जेवणानंतर ठेवा. भात-आमटी झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांची संथ चाल साखरेलाही बरी आणि दुपारच्या पेंगेलाही. सकाळी उठल्या उठल्या टाचेत कळ येत असेल तर वेळ निम्म्यावर आणा. पोटऱ्या दुखणं आठवड्यात जातं, टाचेचं दुखणं चालून जात नाही.

एका दमात ४५ मिनिटांपेक्षा जास्त नको. बऱ्याच छोट्या मोटरींना तासाभरानंतर दहा-पंधरा मिनिटांची विश्रांती लागते आणि माणसालाही बसावंसं वाटतं. दिवसभर उभं राहणं हे दिवसभर बसण्याइतकंच वाईट. उतरताना वेग १ वर आणा, थांबवा, टेबल धरून दहा सेकंद उभे राहा आणि मग पाय खाली टाका. पट्टा थांबल्यावर जमीनच सरकतेय असं थोडा वेळ वाटतं, ते सगळ्यांनाच होतं.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, रक्तदाबाच्या गोळ्यांनी चक्कर येणाऱ्यांनी आणि गरोदर महिलांनी आधी डॉक्टरांना विचारावं. मधुमेहामुळे तळपाय बधिर असतील तर अनवाणी चालू नये, घासून फोड आला तरी कळत नाही.

मनगटावरचं घड्याळ पावलं कमी दाखवतं, कारण हात कीबोर्डवर असतो, हलत नाही. मोबाइल पँटच्या खिशात ठेवा, मोजणी बरीच जुळते. हिशेबच करायचा तर ताशी अडीच किलोमीटर आणि अर्ध्या मीटरचं पाऊल धरलं की तासाला ५००० पावलं होतात.

पायात काय, अंगावर काय

आपल्या घरांत चपला-बूट उंबऱ्याबाहेर. अनवाणी चाललं तर पंधरा मिनिटांत तळवे गरम होतात, घाम पट्ट्यावर उतरतो. उपाय साधा आहे: हलके, सपाट तळाचे कापडी बूट वेगळे घ्या आणि ते कधीही घराबाहेर न्यायचे नाहीत. अंगणातली तांबडी माती बुटाला लागून आली की पट्ट्याखाली जाते, तेलात मिसळून लेप होतो आणि पट्ट्याची आतली बाजू घासून काढतो. हवाई चप्पल, स्लिपर चालणार नाही, त्यांची टाच पट्ट्यावर अडकते.

साडी नेसून चालायचं असेल तर काठ घोट्याच्या वर खोचून घ्या, पदर कमरेला. ओढणी काढून ठेवा, सैल पायजम्याचं पाऊल दुमडा. कापड अडकतं ते मागच्या रोलरमध्ये आणि एकदा धरलं की सोडत नाही. लहान मुलांची बोटं नेमकी तिथेच जातात. मुलं असलेल्या घरात काम संपलं की प्लग काढायचा आणि रिमोट वरच्या फळीवर ठेवायचा, यात सवलत नाही.

तेल

पॅडचा पट्टा लाकडी फळीवरून घसरतो आणि मध्ये सिलिकॉन तेलाचा पातळ थर असतो. हा थर संपला की घर्षण वाढतं, मोटर जास्त ओढते, तापते आणि शेवटी बोर्ड जातो. मोटर जळण्यामागे बहुतेक वेळा तेलाचीच हयगय असते. तेल शंभर टक्के सिलिकॉनच हवं. खोबरेल, शिवणयंत्राचं तेल, ग्रीस, व्हॅसलीन किंवा गंज काढायचा फवारा यातलं काहीही घालू नका. यातली काही पट्ट्याचं रबर फुगवतात, काही धूळ धरून चिकट होतात.

साधारण ३० ते ४० तास चालल्यावर तपासा. प्लग काढा, पट्ट्याची कड उचला, मधोमध बोटं आत घाला. बोटाला किंचित बुळबुळीत लागलं तर तेल आहे, घालू नका. कोरडं लागलं तर:

१. प्लग काढलेलाच ठेवून कोरड्या कापडानं फळी आणि पट्ट्याची आतली बाजू दोन्ही कडांनी पुसून घ्या. काळा चुरा निघतो, तो पट्ट्याचा असतो. थोडा असेल तर काळजी नको.

२. बाटलीचं तोंड एका बाजूनं जितकं मधोमध जाईल तितकं आत सरकवा आणि पुढून मागे नागमोडी रेघ ओढा. दुसऱ्या बाजूनंही तसंच. दोन्ही मिळून ५ ते १० मिलिलिटर पुरे, म्हणजे चहाचा एक ते दोन चमचे.

३. प्लग लावून, कुणी वर न चढता, ताशी २ च्या वेगानं पाच मिनिटं चालवा. मग वर चढून तीन-चार मिनिटं पट्ट्याच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंवर पाय टाकत चाला, तेल पसरतं.

४. कडांवर आलेलं तेल पुसा. फरशीवर एक थेंब जरी पडला तरी साबणानं धुवा, सिलिकॉनवरून पाय सटकतो तो वाईट सटकतो.

जास्त तेल घातलं तर पट्टा पुढच्या रोलरवर घसरायला लागतो. मग लोक बोल्ट आवळतात आणि एका चुकीवर दुसरी चढवतात.

पट्टा सरकला, घसरला

पॅडच्या मागे दोन्ही टोकांना एकेक बोल्ट असतो, त्याची एल आकाराची किल्ली खोक्यातच येते. मशीनच्या मागे, मोटरकडे तोंड करून उभे राहा. पट्टा डावीकडे सरकत असेल तर डावा बोल्ट घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा, उजवीकडे सरकत असेल तर उजवा. रिकामा पट्टा ताशी ३ च्या वेगानं चालवून मिनिटभर बघा, मगच पुढचा पाव फेरा. घाईनं पूर्ण फेरा दिला की पट्टा उलट्या बाजूला धावतो आणि कड चिरते.

टाच टेकताना पट्टा क्षणभर थांबल्यासारखा वाटत असेल तर आधी तेल आणि व्होल्टेज बघा. ते ठीक असेल तर दोन्ही बोल्ट सारखे, पाव-पाव फेरा आवळा. मधोमध कड उचलल्यावर पट्टा ५ ते ७ सेंटिमीटर वर यायला हवा. त्याहून ताठ असेल तर बेअरिंग आणि मोटर दोन्हींवर ओझं येतं. एकाच बाजूला पुन्हा पुन्हा सरकत असेल तर जमीन तपासा आणि नंतर स्वतःची चाल. फोन नेहमी एकाच हातात धरून एका पायावर भार टाकणाऱ्यांचा पट्टा त्याच बाजूला जातो.

ताशी १ किलोमीटरला धक्के बसतात आणि १.८ ला बसत नाहीत, हा बिघाड नव्हे. जळका वास, झाकणातून धातू घासल्याचा आवाज किंवा स्विच टाकताच एमसीबी पडणं हा मात्र बिघाडच. प्लग काढा आणि झाकण स्वतः उघडू नका, वॉरंटी जाते आणि बोर्डावर करंट काही काळ साठून राहतो. डिस्प्लेवर एररचा आकडा दिसत असेल तर प्लग काढण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. कंपनीला फोन केल्यावर पहिला प्रश्न तोच असतो, आणि तो आकडा प्लग काढला की पुसला जातो.

ओल

कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला आणि खानापूर तालुक्यात पावसाळाभर भिंती ओल्या असतात, बेळगाव शहरातही तळमजल्यावर फरशीला घाम येतो. पॅडची फळी अनेकदा एमडीएफची असते. ओल तिच्या कापलेल्या कडांतून आत शिरते, फळी मध्ये फुगते आणि पायाला उंचवटा लागायला लागतो. त्याला दुरुस्ती नाही, फळीच बदलावी लागते. म्हणून पॅड भिंतीला चिकटवून उभा ठेवू नका. वापर नसेल तेव्हाही चटईवर आडवाच ठेवा, वर सुती चादर टाका. प्लास्टिकचा कागद गुंडाळलात तर आतली वाफ आतच राहते. ओले कपडे पॅडच्या वर वाळत घालू नका, ठिबकलेलं पाणी मोटरच्या झाकणात जातं.

पॅड रोज दहा मिनिटं चालला तरी मोटरची ऊब ओल धरू देत नाही. गौरी-गणपतीला आठ-दहा दिवस खोली पाहुण्यांना दिली आणि पॅड बंद राहिला, तर परत सुरू करताना आधी पाच मिनिटं रिकामा चालवा. रोलरच्या टोकांवर तांबूस डाग दिसले तर कोरड्या कापडानं पुसा, सँडपेपर लावू नका.

जुना घ्यायचा असेल तर

पाऊस ओसरला की दिवाळीच्या सुमाराला बरेच पॅड विकायला निघतात, अर्ध्या किमतीत. बघायला जाताना बूट घेऊन जा आणि वीस मिनिटं स्वतः चालून बघा. पाच मिनिटांत दोष कळत नाही, मोटर तापल्यावर कळतो. पट्ट्याच्या मधोमध हात घालून फळी फुगली आहे का चाचपा, पट्ट्याच्या कडा चिरल्यात का बघा. मागचे बोल्ट पूर्ण आत गेलेले असतील तर पट्टा ताणून संपलाय, त्याची किंमत मागितलेल्या पैशांतून वजा करा. मूळ बिल मागा, मोटरची वॉरंटी शिल्लक असेल तर तिला तेच लागतं. आणि पट्टा कोरडा ठणठणीत असेल, तेलाची बाटली सीलबंद असेल, तर विकणारा कितीही म्हणाला की ‘फार वापरलाच नाही’, तरी तो पॅड घेऊ नका.